टोपण पेशंटनं उघडायचं

भुलीच्या डॉक्टरकडे किस्से फार साचतात. सर्जनचे हात कामात असले तरी तोंड मोकळं असतं, पेशंट अर्धवट गुंगीत मनातलं बोलून जातो, आणि या दोघांच्या मधे स्टुलावर, मॉनिटरकडे बघत, आम्ही बसलेलो. ऐकण्याशिवाय दुसरं करणार काय? घरी जाऊन बायकोला सांगावं, तर ती म्हणते, "हा मागच्या महिन्यात सांगितला होता." मग मित्रांना सांगतो. मित्रांचं बरं असतं, त्यांच्या लक्षात राहत नाही.

मी मूळचा अमरावतीचा, बायको अकोल्याची. लग्नात बोलणी अशी झाली की मीच सासरी नांदायला आलो. अमरावतीचे दोस्त अजून विचारतात, "काबे, त्या भट्टीत कसा राहून राहिला तू?" उन्हाळ्यात माझ्याकडे या प्रश्नाला उत्तर नसतं. पण अकोल्यात इंगोले मॅडमचं हॉस्पिटल आहे, आणि त्यांच्या थिएटरमधलं स्टूल मी अमरावतीच्या त्यामानानं थंड हवेसाठीही सोडणार नाही!

इंगोले मॅडम म्हणजे आमच्या सर्जन. साठीच्या जवळ आलेल्या, उंचीनं कमी, आवाजानं भरपूर. थिएटर सांभाळते रुखसाना सिस्टर, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातली. पेशंटशी वऱ्हाडी, आमच्याशी हिंदी, आणि रागावली की दोन्ही एकदम. हे सगळे किस्से आमच्या तिघांच्या या थिएटरमधले.

*

एकदा हर्नियाचा पेशंट आला. सोबत त्याचा मोठा भाऊ, गावात वजन असलेला माणूस. त्यानं मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, आपरेशन तुमीच करा. बाईमानसाच्या हातानं नको."

मी काही बोलायच्या आत मागून मॅडमचा आवाज आला.

"करू द्या ना! सर मानूस झोपवते झकास. कापनं मात्र त्याले येत नाई. चालते का तुमाले?"

तो भाऊ पुढची कित्येक वर्षं गावातला एकेक हर्निया गोळा करून मॅडमकडेच आणत राहिला.

*

मोर्शीला एक शिबिर होतं. अंगावरच्या गाठी, चामखीळ, रुतलेले काटे, सगळं फुकट काढून देणार. संत्र्याच्या बागेत मंडप, बाहेर ही गर्दी. आम्ही पोचलो तेव्हा टेबलावर सगळी मांडामांड झालेली होती. कात्र्या चकाचक, सिरिंजा नव्याकोऱ्या पाकिटात. आणि मधोमध बधिर करायच्या औषधाची, लिग्नोकेनची, मोठी बाटली. तिच्या रबरी बुचात एक सुई कायमची खुपसून ठेवलेली.

आता हे बाहेरच्या माणसाला खटकणार नाही. प्रत्येकाला सिरिंज नवी, टोचायची सुई नवी, मग अडचण काय? अडचण ती बुचातली सुई. वरणाच्या गंजात पळी उभी ठेवावी तशी ती दिवसदिवस बाटलीत उभी असते. तिच्या वाटेनं एकदा का जंतू आत गेला, की पुढच्या प्रत्येकाला औषधाबरोबर तोही मिळतो. छोट्या दवाखान्यांतून ही पद्धत इतकी रुळलेली आहे की करणाऱ्याला त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही.

मॅडमनी बाटली उचलली, बूच काढलं, सरळ संत्र्याच्या आळ्यात ओतून दिली.

संयोजक धावत आले. "मॅडम, काय करून राहिल्या? अर्धी भरेल होती ना ते!"

"म्हनूनच ओतली. सरलेली अर्धी कोनाकोनाले देली, सांगता का?"

संयोजकांना आठवेना. गावातल्या दुकानांतून छोट्या बाटल्या गोळा होईपर्यंत शिबिर थांबलं. मॅडम खुर्ची टाकून पेशंटांमध्ये संत्री सोलत बसल्या. निघताना त्या झाडाकडे बोट करून म्हणाल्या, "यंदा याले बहार नाई आला, तर माह्यं नाव नका घेऊ!"

*

आता नामदेवकाका. हे अंजनगाव सुर्जीचे, घरचा पानमळा. विड्याची पानं खुडतात ती अंगठ्याच्या नखानं, देठ असा दाबून. काकांचा हात इतका सराईत की बोलता बोलता टोपली भरायची.

मळ्यात वेल चढवायला लावलेल्या पांगाऱ्याचा काटा त्यांच्या उजव्या अंगठ्यात, नखाखाली गेला. नखुर्डं झालं, ठणकायला लागलं. गावातल्या सरोदे डॉक्टरांनी सुन्न करायचं इंजेक्शन देऊन ते फोडलं. एवढंसं काम. पण बरं होण्याऐवजी हात सुजत गेला, आणि काका आमच्याकडे आले तेव्हा मनगटापर्यंत कातडी जांभळी पडली होती. वर फोड, वास, आणि दिसतंय त्याच्या कितीतरी पट दुखणं. कातडीखालचं मांस सडत वर चाललं होतं. असा संसर्ग तासातासानं पुढे सरकतो आणि माणूस घेऊन जातो.

मॅडमनी हात पाहिला आणि रुखसानाला एवढंच म्हणाल्या, "थिएटर. आत्ता."

काकांची बायको, शांताबाई, वाटेत आडवी आली. "अंगठा वाचंन ना मॅडम? पानं खुडाचा हात हाये तो."

"खोटं बोलू का खरं?"

स्ट्रेचरवरून काकाच बोलले, "खरं बोला. खोटं बोलनारे घरी लय हायेत."

"मंग आयका. पयले जीव. मंग हात. मंग अंगठा. या लाइननं जानार हावो आपन. अंगठा लाइनीत शेवटी उभा हाये. पन हाकलला नाई मी त्याले."

मी काकांना झोपवलं. झोपेत जाईपर्यंत ते डाव्या हातानं उजवा अंगठा धरून होते. रुखसानानं तो हळूच सोडवला.

*

पहिल्या ऑपरेशनमध्ये मॅडमनी हात अंगठ्यापासून जवळजवळ कोपरापर्यंत उघडला आणि मेलेलं सगळं काढून टाकलं. मोठ्या शहरातल्या एका सर्जनमित्राला त्यांनी फोन लावला. तिकडून सल्ला आला, "कोपरावरून हात काढा आणि मोकळे व्हा." सल्ला चूक नव्हता. मी असतो तर ऐकला असता.

मॅडम म्हणाल्या, "मी होईन मोकळी. तो नाई होनार."

मग त्यांनी काकांच्या दंडावर, लाली जिथवर पोचली होती तिथं, पेनानं गोल रेघ मारली. काका शुद्धीवर होते. त्यांना समोरच सांगितलं, "संध्याकायपर्यंत लाली हे रेघ वलांडून वर गेली, तर हात काढन मी. मंग रडाचं नाई."

दुपारभर रुखसाना त्या रेघेवर पहारा देत होती. शांताबाई रेघेकडे बघत देवाचं नाव घेत होती. मी उगाचच खेपा घालत होतो. आणि काका? काका म्हणाले, "माह्या हातावर मॅडमनं धुराच टाकला!" धुरा म्हणजे दोन वावरांमधली हद्द. वऱ्हाडात भावाभावांत जेवढी भांडणं होतात, त्यातली निम्मी त्याच्यावरून.

संध्याकाळी मॅडम आल्या. लाली रेघेच्या खालीच होती. दोन बोटं मागे सरली होती!

"पाह्य शांते," काका म्हणाले, "धुऱ्याच्या भांडनात आपला शेजारी पयल्यांदाच मांगं सरला."

मॅडम हसल्या नाहीत. वळून बाहेर गेल्या आणि चहाच्या खोलीत खुर्चीत बसून डोळे पुसले. मी पाहिलं हे त्यांना कळलं, म्हणून मलाच ओरडल्या, "काय पाहतं? चहा सांग!"

*

काका वॉर्डात असतानाच अंजनगावची आणखी एक बाई आली. मुलीचं लग्न तोंडावर, म्हणून जड झुमक्यांनी फाटलेली कानाची पाळी शिवून घेतलेली. कान, गाल, मान, सगळी बाजू सुजून टम्म. वेळेत आली म्हणून थोडक्यात निभावलं.

मॅडमनी विचारलं, "पाळी शिवाच्या आधी सुन्न केलं होतं?"

"हो ना. सरोदे डाक्टरनं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. दोघांचा पू तपासायला गेला आणि दोघांत एकच जंतू निघाला.

वॉर्डात ही बातमी पसरायला कितीसा वेळ? नातेवाईक तापले. केस करा, दवाखाना बंद करा! त्यात काकाच आडवे आले. "माह्या बापाचे शेवटले दिवस त्या मानसानं काढले. रोज घरी येऊन पाहे. त्याले कोनी तरी सांगा, पन मारू नका."

"मी सांगतो," मॅडम म्हणाल्या. आम्ही वऱ्हाडातले, आमच्या बायका 'सांगतो'च म्हणतात.

*

त्याआधी टोपणाचा किस्सा. काकांचा जीव राहिला, हात राहिला. आता उघड्या जखमेवर मांडीची कातडी लावायची होती. एवढ्या दुखण्यानंतर काकांचं हृदय जरा कुरकुरत होतं, म्हणून पूर्ण भूल न देता मांडी तेवढी बधिर करायचं ठरलं. मी सिरिंज घेतली आणि काका टेबलावर उठून बसले!

"सुन्न कराची सुई नाई घेनार. तसंच कापा."

मी समजावलं, मॅडमनी दटावलं. ढिम्म. ज्यानं दंडावरच्या धुऱ्याची थट्टा केली, तो माणूस या सुईपुढे थरथर कापत होता, आणि त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

मॅडमनी सीलबंद छोटी बाटली मागवली आणि त्यांच्या पुढ्यात धरली. "हे पाहा. कोनी हात नाई लावेल. टोपन तुमीच उघडा."

बाटलीवर प्लॅस्टिकचं टोपण असतं, अंगठ्यानं वर ढकललं की टक्कन उडतं. काकांनी उजवा अंगठा लावला. अंगठा हललाच नाही. पुन्हा लावला, नुसताच घसरला. आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो. शेवटी शांताबाईला गाउन घालून आत आणलं, तिनं टोपण उडवलं, रुखसानानं बूच स्पिरिटनं पुसलं, आणि काका मुकाट्यानं आडवे झाले.

तेव्हापासून आमच्याकडे नियमच झाला. एका पेशंटला एक बाटली, आणि टोपण पेशंटनं उघडायचं. पाठ्यपुस्तकात हे कुठं नाही. पण मी पाहिलंय, टोपण उडवलं की माणसाचे खांदे सैल होतात.

एक पुढारी पाठीवरची गाठ काढायला आले. बाटली हातात दिली तर विचारतात, "उद्घाटन माझ्या हस्ते?" टोपण उडवलं आणि सवयीनं आजूबाजूला बघायला लागले. रुखसानानं टाळ्या वाजवल्या. "बधाई हो साहब! अब उलटे लेटो!"

*

काका घरी गेले, पण अंगठा ताठच. चिमूट जमेना. व्यायामाचा चेंडू दिला होता, तो शांताबाई म्हणे जबरदस्तीनं दाबून घ्यायची. तपासायला आले की काका अंगठा वर करून दाखवायचे, "सध्या एकच काम येते त्याले. लोकायले ठेंगा दाखवाचं!" हसायचे, पण लगेच मॅडमना विचारायचे, "खुडाले येईन का कधी?" मॅडम म्हणायच्या, "मले मालूम नाई. दाबत राहा." या उत्तराबद्दल मला त्या बाईविषयी फार आदर वाटतो. मी 'येईल की!' म्हणून मोकळा झालो असतो.

मग एका रविवारी मॅडम मला म्हणाल्या, "अवी, गाडी काढ. अंजनगावले जाऊ."

सरोदे डॉक्टरांचा दवाखाना बसस्टँडच्या मागं. मॅडम साध्या सुती साडीत बाकावर रांगेत बसल्या. नंबर आला. डॉक्टर सत्तरीचे, बोलायला गोड.

"या बाई. हे मिस्टर का?"

"नाई. डायवर होय."

मी ड्रायव्हरासारखा उभा राहिलो.

मॅडमनी बाही वर करून मनगटाजवळचा मस दाखवला. "हा काढून द्या. खुपते."

डॉक्टरांनी नवी सिरिंज फोडून अभिमानानं दाखवली, "पाहा, नवीकोरी हाय." मग खिडकीतली बाटली घेतली. बुचात सुई उभी होती. औषध भरलं, हात धरला.

तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मी इंगोले. अकोल्याची सर्जन. तुमचा नामदेव माह्याकडे होता, ते कानवाली बाईबी. द्या इंजेक्शन."

आणि हात तसाच पुढे ठेवला.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजत होता. डॉक्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि खाली बसले.

"माह्याच हातानं झालं?"

"छातीठोक नाई सांगत. पन दोघंबी तुमच्या या बाटलीतले, आन् दोघाइचा जंतू एक."

डॉक्टर उठले, बुचातली सुई उपटली, बाटली बेसिनमध्ये रिकामी केली. दोघांनी मिळून तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना कळवलं. निघताना त्यांनी विचारलं, "बाई, तुमी हात काहून नाई ओढला मांगं?"

"तुमी देनार नाई, हे मले मालूम होतं."

परत येताना मी विचारलं, "आणि दिलं असतं तर?"

"मंग तुले कायले नेलं होतं संगं?"

*

पण गोष्ट भलतीकडेच गेली. सरोदे डॉक्टरांनी सुई खुपसून ठेवणं सोडलं, तसं सुन्न करणंच सोडून दिलं! साधा काटा रुतला तरी माणसाला एसटीत बसवून अमरावतीला धाडायचे. गावाचे हाल व्हायला लागले. मॅडम चिडल्या. "पयले सुई काहाडत नव्हता, आता घालतच नाई!" फोन केला तर तिकडून हळू आवाजात उत्तर आलं, "बाई, सिरिंज हातात घेतली का हात थरथरते. नामदेवचा हात दिसते."

मॅडमनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच मला विचारलं, "अवी, आता काय कराचं?"

*

आता शेवटचा. नामदेवकाकांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. मॅडमना आग्रहाचं निमंत्रण, रुखसानाला खास निमंत्रण, आणि मला गाडी चालवायची म्हणून.

आम्ही पोचलो तर दारात गोंधळ. काका खाटेवर, तळपाय वर. सकाळी पाहुण्यांच्या विड्यांसाठी मळ्यात गेले होते. स्वतः खुडायला नव्हे, शांताबाईची टोपली धरायला. पानमळ्यात चपला घालून कोणी जात नाही, ते देवाचं ठिकाण मानतात. पुन्हा पांगाऱ्याचाच काटा, तळव्यात खोल, आत मोडलेला. खुडणं अर्धंच टाकून दोघं परत आली होती.

मॅडम पदर खोचून पुढे झाल्या. "दाखवा इकडे."

"तुमी पाहुन्या हा," काका म्हणाले. "आमच्या गावात डाक्टर हाये."

शांताबाईचा आवाज चढला, "त्याच्याकडे? येडे झाले का तुमी?"

"मंग? आता त्याच्याएवढा भेनारा डाक्टर अख्ख्या तालुक्यात हाये का कोनी? मले भेनाराच पायजे."

आणि लंगडत निघालेच! मागून शांताबाई, तिच्यामागून आम्ही तिघं.

सरोदे डॉक्टरांनी काकांना दारात पाहिलं आणि उभेच राहिले. काका टेबलावर चढून बसले. कातडी लावलेला उजवा हात मांडीवर, चकचकीत, आखडलेला. डॉक्टरांची नजर तिथून हलेना.

"नामदेव, मी नाई देत रे. मॅडम हायेत ना इथं."

मॅडम भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या. फार लक्ष देऊन.

"बाटली काहाडा," काका म्हणाले.

डॉक्टरांनी कपाटातून सीलबंद छोटी बाटली काढली. ट्रेमध्ये ठेवताना ती वाजत राहिली. टोपणाला हात लावणार, तोच काकांनी बाटली घेतली.

"तुमी नाई. तिकडे अकोल्यात टोपन पेशंट उघडते."

शांताबाई सवयीनं पुढे झाली. काकांनी तिला मानेनंच थांबवलं. बाटली डाव्या हातात घट्ट धरली आणि उजवा अंगठा टोपणाखाली लावला. घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. कपाळावर घाम आला. रुखसानानं माझं मनगट धरलं होतं, आणि तिची पकड मजबूत आहे.

टक्!

टोपण उडून टेबलाखाली गेलं. कोणी उचलायला वाकलं नाही. शांताबाईनं तोंडाला पदर लावला.

काकांनी बाटली सरोदे डॉक्टरांच्या हातात दिली आणि तळपाय त्यांच्याकडे वळवला.

"घ्या डाक्टरसाहेब. हात जरा लवकर चालवा, पाहुने येऊन राहिले. पानं खुडाची रायली हायेत मले."